जीप थरथरते तेव्हा

आपल्या या कार्यक्रमात आपण पापडाच्या पिठापासून बँकेच्या पासबुकापर्यंत खूप काही बोललो. आज आम्ही गाडीविषयी बोलणार आहोत. पुरुषांचा विषय म्हणून रेडिओ बंद करू नका. गाडीच्या कर्जाचा हप्ता आपल्या बचतीतून जातो, गाडीत आपल्या बायका बसतात. मग गाडी का थरथरते हे आपल्याला कळायलाच हवं. आम्हाला ते उशिरा कळलं आणि थोडक्यात निभावलं.

खारेपाटण म्हणजे शुक नदीच्या काठचा, मुंबई-गोवा महामार्गावरचा गाव. पण आमच्या गटातल्या निम्म्या बायका वाड्यांवर राहतात. तिथला रस्ता म्हणजे उघडा जांभा, मध्ये एक वहाळ आणि पुढे खडी चढण. काजू, कोकम, तांदळाची पोती खाली बाजारात आणायची तर दर खेपेला भाड्याच्या गाडीची विनवणी. म्हणून तीन गटांनी मिळून एक जुनी डिझेल जीप घेतली. चारही चाकांना ताकद देणारी, म्हणजे फोर बाय फोर.

पहिल्याच पावसाळ्यात वहाळातल्या दगडांवर गाडी खालून आपटू लागली. कुणीतरी सुचवलं, गाडी उचलून घ्या. तसं एका गॅरेजमध्ये काम करून घेतलं. मागच्या पाट्यांत एक जादा पान घातलं आणि पाट्याचं मागचं टोक चासीला जोडणारी कडी, जिला शॅकल म्हणतात, ती चार इंच जास्त लांबीची बसवली. गाडी मागून तीन इंच वर आली. दिसायला ऐटबाज झाली. सगळ्यांनी नारळ फोडला.

आठवड्याभरात थरथर सुरू झाली. महामार्गावर ताशी चाळीसच्या पुढे गेलं की मागच्या बाकाखालून बारीक घरघर यायची. आमच्यातल्या एका वयस्क काकी म्हणाल्या, "ही गाडी जात्यासारी घरघरता. माका हेच्यात बसूचा नाय, पायाक मुंगयो येतत." आम्ही हसलो. हसायला नको होतं.

आधी सांगितलं गेलं, टायरचा दोष. चाकांचं बॅलन्सिंग केलं. फरक नाही. मग सांगितलं, क्रॉस गेलेत. दोन्ही क्रॉस नवे टाकले. घरघर कमी झाली, पण गेली नाही. यात गटाच्या दोन हप्त्यांएवढे पैसे गेले. आणि तीन-चार महिन्यांनी वाडीच्या चढणीवर, गाडी माणसाच्या चालीने चढत असताना, धाडकन आवाज झाला. पुढच्या बाजूचा क्रॉस तुटून शाफ्टचं टोक खाली जमिनीवर पडलं. गाडीत पोती होती आणि चार बायका. गाडी थांबली आणि मागे सरकू लागली. चालवणाऱ्याने हँडब्रेक ओढला, काही उपयोग नाही. गियर टाकला, तरी उपयोग नाही. शेवटी पायातला ब्रेक दाबून धरला, तोवर एकीने खाली उडी मारून चाकामागे जांभ्याचा चिरा टाकला. चौघी सुखरूप घरी गेल्या. पण त्या रात्री आम्हाला कुणालाच झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीतून निवृत्त झालेल्या एका मेस्त्री काकांकडे गेलो. त्यांनी गाडी बघायच्या आधी आम्हालाच प्रश्न विचारले. थरथर कधी होते? किती वेगाला? कुठल्या गियरमध्ये? पाय दाबल्यावर की सोडल्यावर? स्टिअरिंगला जाणवते की बाकाला? आमच्याकडे एकाचंही नीट उत्तर नव्हतं. काका म्हणाले, "बचतीचा रुपया न् रुपया वहीत लिहिता, मग हां कित्याक नाय लिहिलात?" खरं होतं.

आता आधी शाफ्ट म्हणजे काय ते समजून घेऊ. इंजिनाची ताकद गियर बॉक्समध्ये येते, तिथून ट्रान्सफर केस नावाच्या पेटीत. ही पेटी ताकद पुढे आणि मागे वाटून देते. पेटीपासून मागच्या आसापर्यंत एक पोकळ लोखंडी दांडा फिरत असतो, तो प्रोपेलर शाफ्ट. पुढच्या आसाला असाच दुसरा शाफ्ट. मागच्या आसाच्या मध्यभागी जो फुगीर गोळा दिसतो तो डिफरन्शियल, आणि त्यातून पुढे डोकावणारं तोंड म्हणजे पिनियन. शाफ्ट याच पिनियनला फिरवतो.

पेटी चासीला घट्ट बसलेली असते, पण आस पाट्यांवर खालीवर नाचत असतो. म्हणून शाफ्टच्या दोन्ही टोकांना वाकूनही फिरणारा सांधा लागतो. दोन चिमटे आणि त्यांच्यामध्ये अधिकच्या चिन्हासारखा लोखंडी तुकडा. त्यालाच गॅरेजमध्ये क्रॉस म्हणतात. हा सांधा फार जुना आहे. सोळाव्या शतकातल्या इटलीच्या कार्डानो या गणिती वैद्याचं नाव त्याला लागलं आहे, आणि सतराव्या शतकात इंग्लंडच्या रॉबर्ट हुक यांनी त्याच्या चालीचा अभ्यास केला. आपल्याकडे मुंबईत महिंद्रांनी विलिस जीप जोडायला घेतल्या, त्या जीपमध्येही हाच सांधा होता. आजच्या ट्रकमध्येही आहे.

या सांध्याला एक खोड आहे. तो सरळ रेषेत असेल तर एकसारखा फिरतो. पण वाकवून फिरवला की एका फेऱ्यात दोनदा पुढे पळतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. अलीकडचा दांडा अगदी एकसारख्या वेगाने फिरत असला तरी पलीकडचा हिसके देत फिरतो. तीन अंशांच्या वाकाला हा हिसका हजारात दीड भागाएवढाही नसतो, कुणाला कळतही नाही. दहा अंशांना तो शंभरात दीड होतो. वीस अंशांना शंभरात सहा. म्हणजे कोन दुप्पट झाला की हिसका चौपट.

मग इतकी वर्षं गाड्या चालल्या कशा? याचं उत्तर जात्यावर आहे. दोघी समोरासमोर बसून दळतात तेव्हा एक खुंटा ओढते त्याच वेळी दुसरी ढकलते. एकीचा जोर जिथे कमी पडतो तिथे दुसरीचा पुरतो, आणि जातं एकसारखं फिरतं. शाफ्टच्या दोन टोकांचे दोन सांधे तसेच आहेत. पहिला सांधा जो हिसका देतो, तो दुसरा सांधा परत घेतो. पण त्यासाठी दोन अटी आहेत. दोन्ही सांध्यांचा वाक सारखा हवा, आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे चिमटे एकाच रेषेत हवेत. एकीने ओढायचं आणि दुसरीने भलत्याच वेळी ढकलायचं असं झालं, तर जातं घरघरतं. काकींनी नेमकं तेच ऐकलं होतं.

आता तपासणी. काकांनी आमच्याकडून सहा पायऱ्यांत करून घेतली. तुमच्या गटाची किंवा घरची अशी गाडी असेल तर क्रमाने करा. क्रम मोडला की पैसे जातात.

पहिली पायरी, वही. एकीने चालकाशेजारी बसायचं, दुसरीने मागे. वेग, गियर, पाय दाबलेला की सोडलेला, थरथर कुठे जाणवते, एवढं लिहायचं. आमच्या वहीत आलं: चाळीसला सुरू, पन्नासच्या आसपास सर्वांत जास्त, स्टिअरिंग शांत, मागचं बाक घरघरतं. स्टिअरिंग थरथरलं असतं तर आधी पुढची चाकं बघायची. बाक आणि जमीन थरथरते तेव्हा दोष बहुधा मागे असतो.

दुसरी पायरी, इंजिन वेगळं काढायचं. गाडी उभी ठेवून न्यूट्रलमध्ये इंजिन वाढवायचं. तशीच थरथर आली तर दोष इंजिनात किंवा त्याच्या खालच्या रबरी बैठकीत. आमच्याकडे आली नाही. मग पन्नासच्याच वेगाला एकदा तिसऱ्या आणि एकदा चौथ्या गियरमध्ये चालवून पाहिलं. इंजिनाचे फेरे बदलले, घरघर तशीच राहिली. म्हणजे ती इंजिनाच्या नव्हे, गाडीच्या वेगाशी बांधलेली होती. त्यानंतर सपाट, सरळ, मोकळ्या रस्त्यावर इंजिन चालू ठेवून क्षणभर न्यूट्रल केलं. घरघर बरीच उतरली, पण पूर्ण गेली नाही. चाकाचा दोष असता तर तिला न्यूट्रलने फरक पडला नसता. ताकद लागते तेव्हा वाढते आणि सोडली की उतरते, ती सांध्यांची खूण. आणि मैत्रिणींनो, ही न्यूट्रलची चाचणी घाटात कधीही करायची नाही. करूळला नाही, भुईबावड्याला नाही, फोंड्याला नाही. किल्लीही बंद करायची नाही.

तिसरी पायरी, थरथर जाडी आहे की बारीक. इथे थोडा हिशेब आहे, पण आपण व्याजाचा हिशेब करतो, त्याहून सोपा. गाडी सपाटीवर न्यूट्रलमध्ये हळू ढकला. चाकावर खडूची एक खूण, शाफ्टवर एक. चाकाचा एक फेरा पूर्ण होईपर्यंत शाफ्टची खूण किती वेळा वर आली ते बाजूला उभं राहून मोजा, गाडीखाली जाऊ नका. आमचा शाफ्ट जवळजवळ पाच वेळा फिरला. चाकाचा घेर सव्वादोन मीटरला किंचित कमी. म्हणजे ताशी पन्नासला चाक सेकंदाला सहा फेरे घेतं, शाफ्ट तीस. चाकाचा दोष असेल तर सेकंदाला सहा ठोके, ते धडधड असे जाणवतात. शाफ्ट वाकला असेल किंवा त्याचा तोल गेला असेल तर फेऱ्याला एक, म्हणजे तीस. आणि सांध्यांचा वाक चुकला असेल तर फेऱ्याला दोन, म्हणजे साठ. ती घरघर असते, पायाला मुंग्या आणणारी. काकींच्या पायांनी हा हिशेब आधीच केला होता.

चौथी पायरी, पुढचा शाफ्ट की मागचा. पुढच्या चाकांच्या तुंब्यावर मोकळं करायचं कुलूप असेल तर ते मोकळं करून दोन चाकांच्या ताकदीवर गाडी चालवा. मग पुढचा शाफ्ट फिरतच नाही. आमची घरघर तशीच राहिली, म्हणजे पुढचा शाफ्ट निर्दोष. मग काकांनी मागचा शाफ्ट काढून बाजूला ठेवला, फोर बाय फोर लावून पुढच्या चाकांवर गाडी हळू वेग वाढवत नेऊन आणली. बाक एकदम शांत. चोर सापडला.

पण इथे एक मोठा धोका आहे, तो चढणीवर आम्ही भोगला होता. आमच्या गाडीसारख्या काही जुन्या जीपमध्ये हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या मागे शाफ्टवर असतो. शाफ्ट तुटला किंवा काढला की हँडब्रेक कुणालाच धरत नाही. गियरमध्ये ठेवलेली गाडीही मागच्या चाकांना धरत नाही. म्हणून शाफ्टला हात लावण्यापूर्वी सपाट जागा आणि चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडाची किंवा चिऱ्याची अडण. हे काम माहीतगार मेस्त्रीनेच करायचं. आपण शेजारी उभं राहून बघायचं.

पाचवी पायरी, शाफ्ट हातात घेऊन बघणं. पोचा आहे का, चिखल किंवा तार चिकटली आहे का, तोलासाठी चिकटवलेला पत्र्याचा तुकडा गळून पडला आहे का. क्रॉस सगळ्या बाजूंनी हलवून बघायचा. ढिला असेल, अडखळत असेल किंवा त्याच्या टोपीभोवती लालसर भुकटी असेल तर आतलं ग्रीस संपून लोखंड घासतं आहे. दोन्ही टोकांचे चिमटे एका रेषेत आहेत ना? मधला सरकता सांधा सोडवून एक दात पुढेमागे बसवला तरी रेषा चुकते. म्हणून सोडवण्यापूर्वी रंगाने खूण करायची. आणि तो सरकता सांधा किती आत उरला आहे? गाडी उचलली की तो बाहेर ओढला जातो. पिनियन हाताने हलवून बघा, पाट्यांचे यू बोल्ट घट्ट आहेत का तेही बघा. आमच्याकडे चिमटे बरोबर होते, शाफ्ट सरळ होता. पण तीन-चार महिन्यांपूर्वीच टाकलेले क्रॉस, एक तुटलेला आणि दुसऱ्याला लाल भुकटी. नवा क्रॉस इतक्यात का मरतो, हा प्रश्न आधीच विचारायला हवा होता. क्रॉसचा दोष नव्हता, त्याला ज्या कोनात राबवलं त्याचा होता.

सहावी पायरी, कोन मोजणं. नवे क्रॉस घालून शाफ्ट पुन्हा बसवला. गाडी सपाट जागेवर, चारही चाकांवर उभी, नेहमीएवढा भार घालून. जॅकवर उचललेल्या गाडीचा कोन खोटा येतो, कारण आस खाली लोंबतो. सुताराच्या कोनमापाने किंवा मोबाईलमधल्या कोनमापाने तीन आकडे घ्यायचे: ट्रान्सफर केसच्या तोंडाचा उतार, शाफ्टचा उतार, पिनियनचा उतार. आमचे आले चार, पंधरा आणि नऊ. आता वजाबाकी. वरचा सांधा, पंधरातून चार गेले, अकरा. खालचा सांधा, पंधरातून नऊ गेले, सहा. दोन्ही सारखे हवेत, फार तर एका अंशाचा फरक. आमचा पाचाचा.

कारणही तिथेच दिसलं. लांब शॅकलमुळे पाट्याचं मागचं टोक चासीपासून खाली गेलं. पाट्यावर बसलेला आस त्याबरोबर फिरला आणि पिनियनने नाक वर केलं. शिवाय गंमत बघा, शॅकल चार इंच लांबवला तर गाडी आसाशी दोनच इंच वर येते, उरलेला इंच जादा पानाचा. दोन इंचांसाठी पाच अंशांची चूक विकत घेतली.

उपाय कोणते? एक, पाटा आणि आस यांच्यामध्ये लोखंडी पाचर घालून पिनियनचं नाक परत खाली आणायचं. मग दोन्ही सांधे अकरा-अकरा होतील. घरघर जाईल, पण इतक्या वाकात राबणारे क्रॉस लवकर झिजतील. दोन, वरच्या टोकाला जोडीचा सांधा असलेला खास शाफ्ट. तो उंच गाड्यांना चांगला, पण महाग, आणि त्याला पिनियनचं नाक उलट शाफ्टच्या रेषेत वर ठेवावं लागतं. तीन, ट्रान्सफर केस थोडी खाली घ्यायची, म्हणजे पोटाखालची जागा पुन्हा कमी. चार, गाडी मूळ उंचीवर आणायची.

आम्ही बैठक घेतली. तिथे काकांनी एकच प्रश्न विचारला. वहाळात दगडावर काय आपटायचं? आम्ही म्हटलं, तो मागचा गोळा. काका म्हणाले, "गो बायांनो, गोळो आसावर आसा. आस चाकावर. तुम्ही पाट्यावरसून गाडी उचललात, गोळो थयच!" आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. पाटे आणि शॅकल बदलून चासी वर जाते, गोळा जमिनीपासून तेवढाच राहतो. तो वर न्यायचा तर चाकच मोठं हवं. म्हणजे ज्या दुखण्यासाठी औषध घेतलं, त्याला ते लागूच नव्हतं.

आणखी एक गोष्ट तेव्हाच कळली. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की बनवणाऱ्याने नोंदवलेल्या रचनेपेक्षा वेगळे बदल गाडीत करता येत नाहीत. उद्या अपघात झाला असता तर विम्याच्या दारात आम्हाला काय उत्तर देता आलं असतं? गाडी तीन गटांच्या नावावर उभी आहे, कर्ज अजून फिटायचं आहे.

म्हणून आम्ही जुने शॅकल परत लावले, जादा पान काढलं. नंतर कोन मोजले तर दोन्ही सांधे चार-चार. गाडी महामार्गावर नेली. साठला बाक शांत. आणि वहाळात? एका रविवारी तिन्ही गटांच्या बायका पहारी-घमेली घेऊन उतरल्या. चाकोरीतले वर आलेले दगड काढले, खड्ड्यांत चिरे भरले. दर गणपतीआधी आणि शिमग्याआधी एकदा हे काम करायचं असा ठराव वहीत लिहिला. त्याला पैसे लागले नाहीत.

मैत्रिणींनो, आम्हाला गॅरेजवाल्यांना दोष द्यायचा नाही. आम्हीच 'गाडी उचला' म्हणून सांगितलं होतं, का ते सांगितलं नव्हतं. आता आम्ही गॅरेजमध्ये जाताना वही नेतो. वेग, गियर, जागा, आवाज लिहिलेला असतो. 'क्रॉस बदलू या' असं कुणी म्हटलं की विचारतो, कोन मोजलात का, किती आला? उत्तर आकड्यात आलं तर पैसे देतो. दर महिन्याच्या बैठकीच्या दिवशी शाफ्टच्या निपलांना ग्रीस भरलं का, बोल्ट घट्ट आहेत का, हेही कर्जाच्या हप्त्याखाली लिहिलं जातं.

आणि काकी? काकी आता पुढच्या बाकावर बसतात. पन्नासच्या पुढे गाडी गेली की पाय जमिनीला टेकवून क्षणभर गप्प बसतात. मग मान डोलावतात. त्यांनी मान डोलावली नाही, तर आम्ही गाडी थांबवतो.

तुमच्या गटाच्या गाडीचा काही अनुभव असेल तर आम्हाला जरूर कळवा.